उसन्या सामानाचा हिवाळा

२०२१च्या फेब्रुवारीत, मोठी हिमवृष्टी होऊन गेल्यानंतरच्या आठवड्यात, नेदरलँड्समधल्या एनस्खेडे शहराबाहेरच्या एका शेताच्या कडेला आमचे शेजारी बर्फ फुटून नाल्यात पडले. पाणी कमरेपर्यंत होतं. त्यांच्या हातात रायफल होती. सोबत फक्त माझा नवरा होता, आणि त्याच्याकडे रायफलला हात लावण्याचा परवाना नव्हता.

मी तिथे नव्हते. नाल्यावर जे झालं ते दोघांनी मला वेगवेगळं सांगितलं. जिथे दोघांच्या सांगण्यात फरक आहे, तिथे तो नोंदवला आहे.

शेजारी सत्तरीचे, शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. आमच्या आणि त्यांच्या बागेत कमरेएवढं कुंपण आहे. डच शेजारी एकमेकांना नावाऐवजी ‘बूरमान’ म्हणतात, म्हणजे शेजारीबुवा. ते माझ्या नवऱ्याला बूरमान म्हणत आणि तोही त्यांना बूरमान म्हणे. मला आणि त्यांच्या बायकोला दोघांची नावं माहीत होती, पण ती वापरायची वेळ आली नाही.

त्यांच्याकडे शिकारीचा परवाना होता आणि शहराबाहेरच्या दोन शेतकऱ्यांच्या जमिनीवर जाण्याची मुभा होती. तिथल्या छोट्या जातीची हरणं संख्येने वाढली की रस्त्यावर गाड्यांखाली येतात, कोवळी झाडं खातात. म्हणून हिवाळ्यात ठरवून दिलेल्या संख्येइतक्या माद्या मारल्या जातात. दरवर्षी त्यांचा मेहुणा सोबत असे. त्याची फुफ्फुसं कमजोर असल्यामुळे कोरोना आल्यापासून तो घराबाहेर पडत नव्हता. त्यात आदल्या वर्षी शेजाऱ्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं. बायकोने अट घातली होती: एकट्याने जायचं नाही, आणि यंदा पडलात तर पुढच्या वर्षी परवाना परत करायचा.

डिसेंबरमध्ये ती कुंपणापाशी येऊन मला म्हणाली, “तुझा नवरा सकाळपासून संध्याकाळपर्यंत स्वयंपाकघरातच दिसतो. त्याला चालता येतं ना?”

“यायचं,” मी म्हटलं. “लॉकडाउन लागला त्या मार्चपर्यंत तरी.”

नवरा विद्यापीठात संशोधक आहे. प्रयोगशाळा बंद होती आणि त्याचं ऑफिस आमच्या ओट्याशेजारच्या टेबलावर आलं होतं. आमच्या घरात मांसाहारातलं अंड्यापलीकडे काही शिजत नाही. तरी शेजाऱ्यांसोबत जायला तो लगेच हो म्हणाला.

पुण्याहून सासूबाईंचा फोन आला तेव्हा स्पीकर चालू होता.

“तू शिकारीला जातोस?”

“आई, मी नुसता डबा घेऊन जातो.”

“आणि पाप कुणाच्या नावावर?”

“लायसन्स त्यांच्या नावावर आहे.”

मग सासूबाईंनी विचारलं की कानटोपी घालतोस का.

दुकानं डिसेंबरच्या मध्यापासून बंद होती. ऑनलाइन मागवलेलं येत होतं, पण कधी येईल ते सांगता येत नव्हतं. त्यामुळे नवऱ्याचं सगळं सामान उसनं होतं. मेहुण्याचे गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, दोन नंबरांनी मोठे. मेहुण्याचीच पाठपिशवी, जिच्या मागे बसायला घडीचं स्टूल जोडलेलं असतं. शेजाऱ्यांचा जुना मेणकापडी कोट. स्वतःच्या वस्तू दोनच: पुण्याहून आणलेला स्टीलचा थर्मास आणि सासूबाईंनी विणलेली माकडटोपी.

सामान त्यांनी कुंपणावर ठेवलं आणि मागे सरकले. तेव्हाची तीच रीत होती.

पहिलं नुकसान घरातच झालं. त्या वर्षी बाहेरून आलेली प्रत्येक गोष्ट आम्ही धूत होतो. दुधाच्या बाटल्या, केळी, पार्सलचे खोके. त्याच सवयीने नवऱ्याने कोट मशीनमध्ये टाकला, गरम पाण्यात, जंतुनाशक घालून. दुसऱ्या दिवशी तो बागेत वाळत असताना शेजारी कुंपणाशी आले आणि बराच वेळ बघत राहिले.

“धुतलात?”

“हो,” नवरा म्हणाला. “अगदी स्वच्छ.”

“साबणाने?”

“आणि जंतुनाशकही घातलं.”

“मी हा कोट लग्नाआधी घेतला,” शेजारी म्हणाले. “तेव्हापासून त्याला पाणी लागलं ते फक्त वरून.”

मेणकापडी कोटाचं मेण गरम पाण्यात निघून जातं आणि मग त्याची साधी चादर होते, हे आम्हाला तेव्हा कळलं. संध्याकाळी त्यांनी मेणाचा डबा आमच्या दाराबाहेर ठेवला, वर चिठ्ठी: ‘आता धुऊ नका.’ डबा गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून मी मेण पातळ केलं. नवऱ्याने जुन्या बनियनने ते कोटाला चोळलं आणि माझ्या हेअर ड्रायरने जिरवलं. घरात आठवडाभर तोच वास होता. जानेवारीच्या पावसात खांदे आणि पाठ कोरडी राहिली, पण काखेतल्या शिवणीतून पाणी आत आलं. शेजाऱ्यांनी शिवण बघितली आणि म्हणाले, “पास. जेमतेम.”

बुटांत दोन जोड लोकरी मोजे घातले की पाय हलत नसे. दुर्बीण शेजाऱ्यांची होती. थंडीतून गाडीत आली की तिच्या आत धुकं धरायचं, ते घरी येईपर्यंत जायचं नाही. पाठपिशवीची चेन पहिल्याच आठवड्यात तुटली. तिथे मी सेफ्टी पिना लावल्या, त्या शेवटपर्यंत टिकल्या. थर्मासबद्दल वाद झाला नाही. शेजाऱ्यांची कॉफी निवायची तेव्हा नवऱ्याच्या चहाला वाफ असायची. तिसऱ्या खेपेपासून शेजारी स्वतःचा रिकामा कप घेऊन येऊ लागले. नवरा तो बर्फावर ठेवलेला कप भरायचा आणि मागे व्हायचा, मग शेजारी पुढे येऊन उचलायचे. शेतात दोघं दीड मीटर अंतर ठेवून चालत. गाडीत नवरा मागच्या सीटवर, मास्क लावून, चारही काचा उघड्या. परतताना माकडटोपी शेतापेक्षा गाडीतच जास्त कामाला आली.

जानेवारीत शेजाऱ्यांनी एक मादी मारली. मेलेलं जनावर बर्फावरून ओढायला रुंद पट्टा असतो. तो अर्ध्या वाटेत बकलापाशी तुटला. नवऱ्याने मागचे पाय धरले आणि दोघांनी उरलेलं अंतर तसंच काढलं. घरी आल्यावर त्याने बराच वेळ हात धुतले. दुसऱ्या दिवशी मात्र तो माळ्यावर चढला आणि आमच्या मोठ्या बॅगांना बांधायचा पट्टा काढून आणला. विमानात बॅग फुटू नये म्हणून आपल्याकडे बांधतात तसा नायलॉनचा, लाल-हिरव्या पट्ट्यांचा, वर मार्करने आडनाव लिहिलेलं. शेजाऱ्यांनी तो दोन्ही हातांनी ताणून बघितला.

“किती वजन पेलतो?”

“तेवीस किलोच्या वर विमान कंपनीच घेत नाही,” नवरा म्हणाला. “पण आम्ही नेहमी जास्त भरतो.”

फेब्रुवारीतल्या त्या दुपारी ते दोघं निघाले तेव्हा ऊन होतं. रात्री नऊनंतर संचारबंदी असे, पण ते नेहमी अंधार पडल्यावर थोड्याच वेळात परत येत. त्या दिवशी आले नाहीत. मी फोन केला, नवऱ्याचा फोन बंद होता. बाहेर आले तर शेजारीण कोट घालून कुंपणापाशी उभी होती.

“तुझाही लागत नाही?”

“बंद आहे. थंडीत बॅटरी जाते त्याची.”

“माझ्या नवऱ्याने फोन नेला असता तर लागला असता. तो टेबलावर आहे.” ती रस्त्याकडे बघत होती. “हरणांना रिंग ऐकू येते म्हणतो. त्या हरणांना माझ्यापेक्षा जास्त मान आहे.”

तिने आत जाऊन शेतकऱ्याला फोन केला. गाडी अजून त्याच्या आवाराजवळ उभी आहे, असं तो म्हणाला. तो कंदील घेऊन बघायला जाणार होता. एवढीच माहिती आम्हाला होती. आम्ही कुंपणाच्या दोन बाजूंना उभ्या राहिलो. आत जाऊन बसावं असं दोघींपैकी कुणीही सुचवलं नाही.

तिकडे झालेलं असं. शेताच्या कडेने नाला जातो. त्याला हळू प्रवाह आहे, त्यामुळे वरचा बर्फ पातळ होता, आणि बर्फावर हिम साचल्याने काठ कुठे संपतो ते दिसत नव्हतं. शेजारी पुढे होते. ते सरळ उभेच्या उभे खाली गेले. ऑपरेशन झालेल्या बाजूचा बूट तळाच्या चिखलात रुतला. रायफल त्यांनी दोन्ही हातांनी डोक्यावर धरली होती.

नवऱ्याने आधी खिशातून मास्क काढून लावला. तो लावण्याआधी आपण “लागलं का?” असं विचारलं, असं तो म्हणतो. शेजारी म्हणतात, आधी मास्क, मग प्रश्न.

“पालथा झोप!” शेजारी ओरडले. “काठावर उभा राहू नकोस!”

नवरा बर्फावर पालथा झोपला आणि बॅगेचा पट्टा टाकला. तो शेजाऱ्यांच्या छातीवर पडला, पण पकडायला हात मोकळा नव्हता.

“रायफल इकडे द्या.”

“नाही. तुला परवाना नाही.”

“इथे कोण बघतंय?”

“मी.”

नवरा नंतर मला म्हणाला की त्यालाही ती नकोच होती. त्या वर्षी आमच्या राहण्याच्या परवान्याचं नूतनीकरण होतं, आणि पाण्यात उभ्या असलेल्या माणसाकडे बघताना त्याच्या डोक्यात तेही आलं. रायफल पाण्यात टाकायला शेजारी तयार नव्हते. हरवलेल्या हत्याराचा जबाब पोलिसांना द्यावा लागतो.

शेवटी नवऱ्याने अंगातला कोट काढून काठावर पसरला. शेजाऱ्यांनी हातमोजा दातांनी ओढून काढला, रायफलमधली काडतुसं काढली, बोल्ट, म्हणजे ज्याशिवाय गोळी सुटत नाही तो भाग, काढून छातीच्या खिशात घातला. बोटं वळत नव्हती, त्यामुळे याला वेळ लागला. मग त्यांनी रायफल सरकवून कोटावर ठेवली.

“कोट माझा आहे,” ते म्हणाले. “म्हणजे रायफल माझ्याकडेच आहे.”

पट्टा त्यांनी काखेखालून घेतला. नवऱ्याने ओढलं. माणूस हलत होता, बूट हलत नव्हता.

“पाय काढा, बूट राहू द्या.”

“दुकानं बंद आहेत!”

“पाय तरी कुठल्या दुकानात मिळणार आहे?”

यावर शेजारी हसले, असं दोघंही सांगतात. त्यांनी पाय वर ओढला आणि ते मोज्यानिशी बाहेर आले. नवऱ्याने ओला मोजा काढून त्या पायावर माकडटोपी चढवली, घोट्यापर्यंत. थर्मासमधला चहा अजून गरम होता. या वेळी कप कुणी बर्फावर ठेवला नाही. शेजाऱ्यांनी रायफल खांद्याला अडकवली, दुसरा हात नवऱ्याच्या खांद्यावर टाकला आणि ते गाडीकडे चालू लागले. अर्ध्या वाटेत शेतकऱ्याचा कंदील दिसला.

नवऱ्याला गाडी येत नाही. चालवली शेजाऱ्यांनीच, हीटर पूर्ण, काचा बंद, नवरा पुढच्या सीटवर.

गाडी दारात थांबली तेव्हा शेजारीण कुंपण ओलांडून आमच्या बाजूला आलेली होती. तिने आधी स्वतःच्या नवऱ्याचा चेहरा बघितला, मग पाय.

“हे काय आहे?”

“टोपी,” शेजारी म्हणाले. “भारतात डोक्यावर घालतात.”

तिने त्यांना आत नेलं. थोड्या वेळाने वरच्या न्हाणीघराचा दिवा लागला आणि पाण्याचा आवाज आला. माझा नवरा जिन्याच्या पायरीवर बसून बूट काढत होता. दोन नंबरांनी मोठे होते, तरी त्याला ते निघेनात. मी ओढले.

दुसऱ्या दिवशी सामान वाळत टाकलं. पट्ट्यावरचं आडनाव पुसट झालं होतं, वीण उसवली नव्हती. कोटावर रायफलच्या तेलाचा डाग पडला होता. तो आम्ही धुतला नाही. टोपीची वीण सैल झाली होती. पाठपिशवीचं स्टूल नाल्याकाठी राहिलं होतं, ते शेतकऱ्याने आणून दिलं. बूट मिळाला नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी शेजाऱ्यांना ताप आला.

माझ्या नवऱ्याला त्या आठवड्यात सर्दी होती. सगळा हिवाळा दीड मीटर पाळून तो त्या संध्याकाळी बंद गाडीत त्यांच्या शेजारी बसला होता. “मी त्यांना बाहेर काढलं आणि मग त्यांच्या अंगावर शिंकलो,” तो म्हणाला. तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसे, पण लॅपटॉप उघडत नसे. आम्ही दाराबाहेर ठेवलेली खिचडी शेजारीण आम्ही परतल्यावर घ्यायची; आम्ही तिथे असेपर्यंत काचेतून हात करायची, दार उघडायची नाही. अटीबद्दल, म्हणजे परवाना परत करण्याबद्दल, ती काही बोलली नाही. आम्हीही विचारलं नाही.

चाचणी दोघांचीही झाली. नवरा सायकलने गेला, शेजाऱ्यांना बायकोने गाडीने नेलं. नवऱ्याचा निकाल आधी आला, निगेटिव्ह. शेजाऱ्यांचा यायचा होता. डॉक्टरांनी फोनवर त्यांची छाती कशी वाजते ते विचारलं आणि निकाल येईपर्यंत थांबायला सांगितलं.

दुपारी शेजारणीने खिडकी उघडली. ताप आल्यापासून त्या घरातून आलेला हा पहिलाच आवाज होता.

“निगेटिव्ह!” ती ओरडली. “साधी थंडी बाधली आहे म्हणे! सत्तरीचा माणूस नाल्यात उभा राहिला तर बाधणारच!”

नवरा टेबलावरून उठला, बागेत गेला आणि तिथेच उभा राहिला. मी चहा टाकला.

ताप आणखी दोन दिवस राहिला आणि मग उतरला. त्या आठवड्यात कचरा नेण्याच्या सकाळी शेजाऱ्यांनी स्वतः कचऱ्याची कुंडी ढकलत रस्त्याच्या कडेला आणून ठेवली, आणि परत जाताना आमचीही ठेवली.