तळ्याचं घड्याळ आणि बू सालेमची शम्सा

किस्से कोणी मुद्दाम जमवायला जात नाही. तळ्याकाठी रोज सकाळी बसलं की चपलेला रेती चिकटते तसे ते चिकटतात. घरी येऊन झटकावे, तर नात म्हणते, "ग्रँडपा, यू टोल्ड अस दिस वन." म्हणून म्हटलं, तिला नकोत तर तुम्हाला सांगतो.

इथे आखातात, इंटरनॅशनल सिटीत मुलाच्या फ्लॅटमागे एक तळं आहे. थंडी पडली की तिथे लांबून बदकं येतात, आणि बदकांमागे दोन पार्ट्या. एक दुर्बीणवाले, म्हणजे ऑफिसांतली आपली मराठी माणसं, सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून येणारी. त्यांच्या पुढारी शुभांगी मॅडम, मूळच्या डोंबिवलीच्या. दुसरी पार्टी म्हणजे एकटा बू सालेम, इथलाच अरब, माझ्या वयाचा. त्याच्या हातावर ससाण्याची मादी. तिचं नाव शम्सा.

बदकं मारायला इथे बंदी आहे. बू सालेम दोरीला पिसांचा जुडगा बांधून गरगर फिरवायचा आणि शम्सा आभाळातून येऊन त्यावर झडप घालायची. शिकार म्हणजे तेवढीच. पण ससाणा वर गेला की बदकं चौकशी करत बसत नाहीत. अख्खं तळं उडायचं, आणि मॅडम म्हणायच्या, "झालं! आता म्युनिसिपालिटीत कम्प्लेंटच करते."

मी दोघांच्या मध्ये. वसईचा फिलिप, जन्मभर व्हॅन चालवून आता मोकळा.

*

इथल्या जुन्या अरबांना हिंदी चांगली येते. पहिल्याच थंडीत बू सालेमने मला विचारलं, "ये लोग बत्तख का क्या करता है?"

"देखते हैं."

"फिर?"

"लिखते हैं."

"फिर?"

"घर जाते हैं."

त्याने बदकांकडे बोट केलं. "खाता नहीं?"

"नहीं."

दुसऱ्या खेपेला त्याने सगळ्यांसाठी खजूर आणि थर्मासभर गाहवा आणला. गाहवा म्हणजे त्यांची वेलची घातलेली कॉफी. मॅडमना वाटलं, म्हातारा मवाळ झाला. मला बाजूला घेऊन तो हळूच म्हणाला, "बीमार लोग है, फिलिप. थोडा ताकत आएगा."

*

दुर्बीणवाल्यांची एक पद्धत आहे. पक्षी दिसला की बोट दाखवायचं नाही. तळं म्हणजे घड्याळ. समोरची पंपाची खोली म्हणजे बारा, आपण उभे ती जागा सहा. मग मॅडम म्हणणार, "तीन वाजता, थापट्या बदक." की सगळ्या दुर्बिणी उजवीकडे.

बू सालेमला याची फार मजा. "सुबह सात बजे ये औरत तीन बजाती है. मेरे बाप के पास घडी नहीं था, बाज था."

मॅडम दुर्बिणीतून डोळा न काढता म्हणाल्या, "बाबा, तुमचा बाज नऊ वाजता बसलाय, आमची बदकं पळवून."

आणि बू सालेम बरोबर डावीकडे वळला. चिडवता चिडवता त्याचे मराठी आकडे पाठ झाले होते. पुढे तो मला सलाम करायच्या आधीच म्हणायचा, "फिलिप, किती वाजता?"

*

एकदा मॅडमनी ग्रुपवर मेसेज टाकला, लांबच्या खांबावर फार दुर्मीळ ससाणा बसलाय. शारजाहून माणसं ट्रॅफिक तुडवत आली. कॅमेरे लागले. छातीवरच्या रेघा कसल्या, यावरून दोन इंजिनियर एकमेकांशी बोलेनासे झाले. सगळं कुजबुजत, श्वास धरून.

तेवढ्यात मागून शीळ आली. खांबावरचा ससाणा उठला, सगळ्यांच्या डोक्यावरून गेला आणि बू सालेमच्या हातावर बसून मांस खाऊ लागला.

बू सालेमने जीपमधून शम्साचा पासपोर्ट आणला. इथे ससाण्यांना असतो, ते विमानातून जातात. तो मॅडमसमोर धरून म्हणाला, "इसका पेपर ठीक है. आप लोग का वीजा?"

मॅडम इतक्या हसल्या, की कम्प्लेंटचं नाव पुन्हा निघालं नाही.

*

आम्ही दोघे म्हातारे बसलो की गोष्टी जुन्याच. मी वसईच्या खाजणातल्या सांगायचो. थंडीत बापाच्या शेजारी चिखलात पोटावर पडून राहायचं, शिंक आली तरी गिळायची, कारण बदक ऐकतं. मग रविवारी मिसाहून आल्यावर घरच्या मसाल्यातलं कालवण. तो त्याच्या बापाच्या सांगायचा, उंटावरच्या. खाजण आता बुजलं. त्याच्या वाळवंटातून हायवे गेला.

असंच बोलताना एकदा त्याने गाहवा कपाच्या बाजूला ओतला.

मी कप थर्मासखाली सरकवला. त्यानेच विचारलं, "शम्सा किधर बैठी?" ती हाताच्या अंतरावर होती.

"सालेम को मत बोलना," तो म्हणाला. सालेम त्याचा मुलगा, मोठा साहेब; बू सालेम म्हणजेच सालेमचा बाप. "वो बोलेगा, बाबा खलास, बाज मुझे दे दो. फार्म पर रख देगा. फिर मैं सुबह उठके क्या करूँ?"

मी फक्त मॅडमना सांगितलं. त्या दुर्बिणीची काच पुसत राहिल्या.

*

सालेमला कुठून तरी संशय आलाच. एका सकाळी तो स्वतः आला, काळा चष्मा लावून, हाताची घडी घालून. बापाला अरबीत काहीतरी म्हणाला. उडव, बघू दे, असंच असणार.

बू सालेमने शम्साच्या डोळ्यांवरची चामड्याची टोपी काढली. ती वर गेली, ठिपका झाली, मग माझ्याही नजरेतून गेली. बदकं उडाली आणि तळं रिकामं झालं. जुडगा फिरवायचा तो ससाण्याकडे तोंड करून. बू सालेम दोरी धरून भलतीकडेच बघत उभा. सालेम बापाकडे बघतोय.

मागून मॅडमचा आवाज आला, आपल्या माणसांना सांगावं तसा. "दहा वाजता. उंच."

पाण्यावर पक्षी नव्हता, तरी सगळ्या दुर्बिणी डावीकडे.

"अकरा. बारा, पंपाच्या वर. एक."

सालेमला इंग्लिश येतं, अरबी येतं. मराठी कुठून येणार?

बू सालेम सावकाश फिरत होता.

"चार वाजता, झाडीवरून. खाली येतेय."

त्याने जुडगा गरगर फिरवला, हाळी दिली, आणि शम्सा दगडासारखी येऊन त्यावर पडली.

सालेमने चष्मा काढला. बापाच्या कपाळाचं चुंबन घेतलं, "माशाल्ला" म्हणाला आणि गाडीत बसून गेला. शम्सा राहिली.

मॅडम आमच्याकडे पाठ करून नाक पुसत होत्या. बू सालेमने शम्साला भरवलं, टोपी चढवली आणि मला जवळ बोलावलं.

"मॅडम को बोलो, आँख का डॉक्टर को दिखाए," तो म्हणाला. "चार नहीं था. पाच वाजता."