वाफसा नसताना पेरलेला शाळू

पुण्याच्या शेतकी कॉलेजात मी वह्याच वह्या भरल्या. खतांची वेगळी, किडींची वेगळी, अवजारांची वेगळी. आष्ट्याकडचे पाहुणे हसायचे, "शेती शिकाय पुण्याला? गड्या, आपल्या रानात काय कमी हाय?" मला त्यांचा संताप यायचा. शेतकी खात्यात नोकरी लागली तेव्हा म्हटले, आता दाखवतोच.

पहिले काम सुधारलेल्या शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, प्रात्यक्षिकाचे. पलटणीतून परतलेल्या एका शेतकऱ्याने आपले एकरभर काळे रान विश्वासाने दिले. पेरणीचा दिवस खात्यातल्या माझ्या साहेबांच्या पत्रकात ठरलेला होता. नेमका आदल्या दिवशी पाऊस झाला.

शेतकऱ्याने मूठभर माती दाबून गोळा केला आणि खाली टाकला. तो फुटला नाही, चपटा झाला.

"आवं सायेब, वाफसा न्हाई अजून. चार दिस थांबा. आत्ता पेरलं तर रान आवळंल, कोंब वर यायचा न्हाई."

साहेब बांधावरून खाली उतरले नाहीत. बूट भरले असते ना!

"पत्रकात आज आहे. परवा पुढचं गाव आहे. पेरा."

वाफसा मी कॉलेजात शिकलो होतो, त्यावर गुणही मिळवले होते. पण हातात कामांची यादी होती आणि पेरणीपुढे खूण करायची राहिली होती. मी गप्प राहिलो. संध्याकाळी खूण केली.

रान आवळले, वरची माती कडक झाली. उगवले ते तुरळक. साहेबांनी अहवाल लिहून माझ्यापुढे सरकवला, 'शेतकऱ्याने हयगय केली.' हंगाम त्याचा बुडाला आणि हयगयही त्याचीच!

"सही करा. अजून कायम व्हायचंय तुम्हाला."

मी ते वाक्य खोडले. खाली लिहिले, 'वाफसा नव्हता. शेतकऱ्याने सांगितले होते. आम्ही ऐकले नाही.' मग सही केली.

कायम झालो नाही. माझ्यावर साहेबांचा शेरा आला, 'प्रत्यक्ष शेतीचे ज्ञान अपुरे.' कोरड्या बुटांच्या माणसाने हे लिहावे!

साताऱ्याकडे शेतकीचा मास्तर म्हणून रुजू होण्याआधी त्या शेतकऱ्याला भेटायला गेलो. हे सगळे सांगितले. तो बैलांची रिकामी गव्हाण झाडत होता. मान वर न करता म्हणाला,

"कागदावर लय भारी लिवलंसा. त्यातलं निम्मं त्या दिशी बांधावर बोलला असता, तर माज्या बैलांस्नी कडबा तरी मिळाला असता."