भावकीतला घोडेवाला पिक्चर

माझ्या भावानं भरून आणलेली शेवटची कॅसेट तो गेल्यावरही दोन वर्षं मशीनच्या पोटातच होती. आईनं वरून विणलेला रुमाल टाकला होता आणि तो कोणी उचलत नव्हतं. आमच्या बदलापूर गावात तेव्हा मोजक्याच घरांत व्हिडिओ होता, पण आमच्या घरी लग्नाची कॅसेट लावून बघायलाही कोणी फिरकत नसे.

दादाला नदीवरच्या रेतीच्या ट्रकनं मागे येताना चिरडलं. ट्रक चालवणारा आमचाच चुलत काका, बाबांपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, चार घरं सोडून राहणारा. भावकी एक म्हटल्यावर सुतकही एक. म्हणजे ज्यानं माझ्या भावाला मारलं त्याच्याही घरी दहा दिवस सुतक पाळलं गेलं. त्यानंही डोकं भादरून घेतलं. घाटावर तो बाबांच्या मागे उभा होता आणि दोघांची नवी टकली उन्हात सारखीच चमकत होती. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, अंबरनाथला एका कारखान्यात पॅकिंगला जात होते, आणि त्या दिवशी मला या रीतीची जेवढी किळस आली तेवढी पुढे कशाचीच आली नाही.

दोन वर्षांनी कोर्टाचा निकाल लागला. साक्षीदार भावकीतलेच. पोरगा आपणच चाकाखाली आला, असं एकामागून एक सांगून मोकळे झाले. काका सुटला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पहिली पाळी संपवून घरी आले तर बाबांनी रुमाल बाजूला केला होता, खिडक्या लावून घेतल्या होत्या, आणि टीव्हीवर एक माणूस घोड्यावरून हळूहळू एका ओसाड गावात शिरत होता.

हे घोडेवाले पिक्चर दादाचं वेड होतं. दर रविवारी तो आणि हाच काका उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये जायचे. तिथल्या गल्लीत एका सिंधी दुकानदाराच्या पोटमाळ्यावर मशीनला मशीन जोडून दिवसभर कॅसेटी भरल्या जायच्या. दादानं एकदा मलाही नेलं होतं. दुकानदार मला म्हणाला होता, "बेटी, ये अमरीका का माल नहीं है, इटली का है. अमरीकावाले में एक अच्छा आदमी होता है. इसमें कोई नहीं." त्याची एक खोड होती. गिऱ्हाईक खूश राहावं म्हणून तीन तासांच्या कॅसेटमध्ये तो दोन पिक्चर कोंबायचा. पहिला पुरा बसायचा, दुसऱ्याचा शेवट बाहेर राहायचा. आमच्या आळीत सगळ्यांना याची सवय होती. शेवट ज्यानं त्यानं आपल्या मनानं लावून घ्यायचा, आणि त्यावरून ओट्यावर भांडायचं.

बाबा पाहायचे तो दुसरा पिक्चर. एका माणसाच्या भावाला चौघांनी मारलेलं असतं. बऱ्याच वर्षांनी तो माणूस त्या गावात येतो. कोणाशी बोलत नाही, तक्रार करत नाही. तिघांना एकेक करून गाठतो. चौथा म्हातारा होत चाललेला, एकटा राहणारा. त्याच्या दारासमोर तो येऊन उभा राहतो, वारा सुटतो, पडद्यावर नुसते डोळे दिसतात, आणि तिथंच कॅसेट संपते. मग टीव्हीवर नुसत्या खरखरणाऱ्या मुंग्या. बाबा त्या मुंग्यांकडेही तेवढंच मन लावून पाहत बसायचे, आणि मग कॅसेट मागे घ्यायचे.

रोज दुपारी. बाबा चौथीपर्यंत शिकलेले, इंग्रजी ओ का ठो कळत नव्हतं, आणि कळायची गरजही नव्हती. त्या पिक्चरांत लोक बोलतातच किती. बोलले तरी ओठ आधी हलायचे आणि आवाज मागाहून यायचा, तोही दुसऱ्याच कोणाचा असावा असा. मला पहिल्यांदा ते पाहून हसू यायचं. पुढे पुढे अंगावर काटा यायला लागला. आमच्या घरात तोवर कोणी धड बोलेनासंच झालं होतं. आई मागच्या पडवीत पडून असायची. बाबा दिवसाकाठी चार शब्द बोलायचे, आणि तेसुद्धा ओठांतून आल्यासारखे वाटायचे नाहीत.

आणि खरं सांगायचं तर मीही त्यांच्या शेजारी बसू लागले होते. मला तो पिक्चर आवडत होता. कोर्ट नाही, वकील नाही, पंचायत नाही, भावकी तर नाहीच नाही. तो माणूस काही विसरलेला नाही, एवढंच त्यात होतं, आणि त्या दिवसांत मला तेवढंच हवं होतं. सारं गाव आम्हाला विसरा म्हणत होतं. झालं गेलं गंगेला मिळालं, असं आमच्या सख्ख्या आत्यानं तोंडावर सांगितलं होतं.

मग एक दिवस बाबा कोयत्याला धार लावताना दिसले. भाताच्या रोपांसाठीचे राब भाजून झाले होते, पावसाला महिना होता, कोयत्याचं काहीच काम नव्हतं. दुसऱ्या दिवशीही धार. तिसऱ्याही. पिक्चर संपला की पंधरा मिनिटं दगडावर तो खस खस आवाज. मला कळलं होतं. बाबा त्याला मारणार होते, मग जेलात जाणार होते, आणि मी नि आई त्या घरात उरणार होतो. मी मनात येईल तेव्हा ती कॅसेट विहिरीत टाकू शकले असते, निदान कोयता लपवू शकले असते. यातलं काहीच केलं नाही. रात्री देवाजवळ बसून बाबांना आवर म्हणायची, आणि दुपारी त्यांच्याबरोबर पिक्चर पाहायची. दोन्ही मनापासून.

मग एका दुपारी माझ्या गाडीला उशीर झाला. घरी पोचले तर टीव्हीवर मुंग्या चालू होत्या आणि समोर कोणी नव्हतं. भिंतीवरचा कोयता नव्हता. मी चप्पल न घालता निघाले. आळीत चिटपाखरू नव्हतं, कुत्रीसुद्धा कुठे गारव्याला गेलेली. चार घरं ओलांडायला मला जन्म लागला.

काकाचं दार सताड उघडं होतं. त्याची बायको पोरांना घेऊन माहेरी कल्याणला निघून गेली होती, घरात तो एकटाच असे. बाबा उंबऱ्याबाहेर उभे होते, कोयता हातात, पण हात खाली. मी त्यांच्या मागे जाऊन थांबले. आत अंधार होता आणि अंधारात टीव्ही चालू होता. काका दाराकडे पाठ करून जमिनीवर बसला होता. पडद्यावर आमचाच पिक्चर होता. तोच माणूस, तीच वाट, तोच वारा. दादानं आणि त्यानं एकाच रविवारी दोन कॅसेटी भरून घेतल्या असणार, हे मला नंतर सुचलं. पण त्या क्षणी वाटलं की आमच्याच घरातलं चित्र भिंतींतून झिरपत इथवर आलंय.

चौथ्याचं दार आलं. डोळे आले. आणि आमची कॅसेट संपते अगदी तिथंच त्याचीही संपली.

मुंग्यांच्या उजेडात त्याची मान दिसत होती. त्यानं वळून पाहिलं नाही.

"भाऊ," तो म्हणाला, "दार उघडंच हाय. निकाल लागला त्या दिसापासून रोज दुपारी उघडंच ठेवतो."

टीव्हीची खरखर चालू होती. मला भीती वाटत होती, पण नुसती भीती नव्हती. मी बाबांच्या त्या हाताकडे पाहत होते, आणि तो वर जावा असं मला वाटत होतं. जाऊ नये असंही वाटत होतं, पण ते थोडं कमी.

"दार लावत जा," शेवटी बाबा म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पूर्वीसारखा, थोडा खेकसल्यासारखा. "कुत्री शिरतान घरात."

मग मला म्हणाले, "चल बाय." घरी येऊन त्यांनी कोयता खुंटीला लावला, आईला उठवून चहा मागितला आणि टीव्ही बंद केला. तो पिक्चर त्यांनी पुन्हा कधी पाहिला नाही.

दुसऱ्या दिवसापासून काकाचं दार दुपारी बंद दिसू लागलं. वर्षभरानं बायको-पोरं परत आली. तो चांगला म्हातारा झाला, नातवंडं खेळवली. बाबांचं मन किती मोठं, असं गाव आजही म्हणतं, आणि ते खरंच आहे.

माझं तेवढं मोठं नाही. उघड्या दाराकडे पाठ करून बसायचं आणि रोज पावलांचा कानोसा घ्यायचा, ही त्या माणसाला मिळालेली एकुलती एक शिक्षा होती. बाबांनी ती एका वाक्यात माफ केली. मला विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, राहू दे उघडंच.