सामंतकाकांची सायकल

काल सकाळी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते, तेव्हा खाली समोरच्या इमारतीतले सामंतकाका मुलीच्या गाडीत आपली जुनी सायकल बसवत होते. काकू गेल्यापासून ते एकटेच राहायचे. आता मुलगी त्यांना कायमचं नाशिकला घेऊन निघाली होती.

सायकल काही केल्या आत जाईना. कधी हँडल अडायचं, कधी पुढचं चाक दाराबाहेर राहायचं.

"बाबा, तिकडे केवढी रहदारी असते. चालवणार कुठे तुम्ही?" मुलीने विचारलं.

"नाही चालवणार," काका शांतपणे म्हणाले आणि पाना घेऊन पुढच्या चाकाचे नट सैल करू लागले.

घर सोडताना माणूस काय काय बरोबर नेतो, याचा मी विचार करत राहिले. उपयोगाच्या वस्तू कुठेही मिळतात. पण जिच्यावर बसून आपण कुणालाही न विचारता हवं तिथे जात होतो, ती वस्तू मागे ठेवणं अवघड जात असावं. मग ती पुढे चालवली जाणार की नाही, याला फारसा अर्थ उरत नाही.

चाक निघालं आणि सायकल मागच्या सीटवर आडवी बसली. सुट्या चाकाला मात्र कुठेच जागा उरली नाही. काका पुढे बसले आणि त्यांनी चाकासाठी हात पुढे केले. पँटला ग्रीस लागू नये म्हणून मुलीने आपली ओढणी त्यांच्या मांडीवर पसरली, चाक उचलून त्यावर ठेवलं आणि सीटबेल्ट चाकावरून ओढून लावला.