लसणात न्हालेले आंबे

गेल्या उन्हाळ्यात आमच्या आंब्यांना कुणीतरी लसणाची आंघोळ घातली. घरात माणसं चार, पण संशय एकट्या माझ्यावर आला, आणि तो खराही निघाला!

महाळुंगे पडवळला माझं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. स्वभाव चौकस. (आमची मंडळी, म्हणजे कमल, याला 'नसत्या उचापती' म्हणते.) घरामागं आंब्याचं एकच झाड, पण धरतं असं की फांद्यांना टेकू द्यावे लागतात. दुखणं एकच. उतरवताना धडधाकट दिसणारा आंबा आढीत, पेंढ्याखाली पिकायला ठेवला की देठाजवळ काळा पडायचा आणि बघता बघता लिबलिबीत व्हायचा.

आदल्या साली असलीच एक पेटी जुन्नरला विहीणबाईंकडे, म्हणजे आमच्या सुनेच्या आईकडे गेली. वरचा थर पिवळाधमक, खालचा काळाठिक्कर. विहीणबाईंचा फोन आला, "कमलताई, आंबं लई ग्वाड! आर्धं आमी खाल्लं, आर्धं उकिरड्यानं."

कमल त्या दिवशी जेवली नाही. गेल्या उन्हाळ्यात मात्र तिनं स्वतःच विहीणबाईंना रसाच्या जेवणाचं आवतण दिलं आणि मला बजावलं, "अवो, ह्या बारीला एक जरी आंबा काळा निघाला ना, तर माझं नाक गेलंच समजा!"

तेवढ्यात मंचरला शेतकऱ्यांचा मेळावा भरला. तिथं एक सर सांगत होते, "ही बुरशी फळ झाडावर असतानाच त्यात शिरून बसते आणि फळ पिकलं की वाढते."

मी उभा राहिलो. "म्हंजी तवर ती झोपलेली असती?"

"तसंच समजा."

"मग आंबा पिकला, हे तिला झोपेत कसं कळतं?"

मागून कुणीतरी ओरडलं, "ओ भाऊ, बसा की! जेवणं थांबल्यात!"

सर म्हणाले, लसूण, कडुलिंब, निलगिरी यांच्या अर्कानं ही बुरशी आवरते का, यावर प्रयोग चालू आहेत. कुठलाही एक अर्क घ्या, पातळ करा, आधी थोड्या फळांवर बघा. यातले 'एक', 'पातळ' आणि 'थोड्या' एवढे शब्द मी मंचरलाच ठेवले आणि बाकीचं सगळं घेऊन घरी आलो.

त्याला कारण आमचा धंदा. ग्रीस कमी पडलं तर बेअरिंग जातं, जास्त झालं तर फडक्यानं पुसता येतं. मी तिन्ही घेतले. लसूण मिक्सरमध्ये, कडुलिंब आंघोळीच्या बंबात आणि निलगिरीचा पाला कमलच्या पुरणाच्या पातेल्यात!

"मिक्सरमदी काय चाललंय?" कमलनं विचारलं.

"आंब्याचं औषध."

"आन बंबात?"

"त्येबी त्येच."

"मग मी आंघोळ कशानं करू?"

"कर की त्याच पान्यानं! बुरशी येणार न्हाई!"

(यावर ती जे बोलली ते इथं लिहिता येत नाही.) शेजारच्या मावशी नाकाला पदर लावून आल्या आणि विचारू लागल्या, "कुनाला सर्दी झालीया का वं?"

आंबे अर्कात बुडवून लगेच काढायचे, एवढंच काम होतं. पण मला वाटलं, आलेच आहेत तर मुरू द्यावेत! तिन्ही अर्क ओतलेल्या पिंपात ते दिवसभर पोहत राहिले. मग पुसून आढीत गेले. पुढं मी येता-जाता पेंढा उचकून बॅटरी मारायचो.

"आढी अशी घडीघडी उघडत्यात व्हय?" कमल करवादायची.

"अगं, उघडल्याबिगर कळायचं कसं, ती झोपलीय का उठलीय?"

आणि काय सांगू राव, आंबे पिकले आणि एकाही देठाला काळा ठिपका नाही! मी अख्खी आळी बोलावून आढी दाखवली. लोकांनी आंबे हातात घेतले, फिरवले, वास घेतला आणि का कोण जाणे, लगेच खाली ठेवले. चाखला मात्र कुणीच नाही. आमच्या वडिलांनी घालून दिलेली शिस्त आहे : झाडाचा पहिला आंबा पाव्हण्यांच्या ताटात, तोवर घरातल्यानं जिभेला लावायचा नाही. ती आम्ही नेमकी त्या साली काटेकोर पाळली.

विहीणबाई आल्या. जय भीम झाला, पाणी झालं. आत सूनबाई, प्रज्ञा, आख्खे आंबे हातात दाबून मऊ करत होती आणि सालीसकट पातेल्यात पिळत होती. ती हळूच म्हणाली, "बाबा, रसाला वास येतोय."

"चटणी वाटलीस ना आत्ताच? तिचा असंल."

"चटणी शेंगदाण्याची आहे, बाबा."

तोवर वाट्या ताटात गेल्या होत्या. विहीणबाईंनी पुरीचा घास रसात बुडवून तोंडात घातला. चावायच्या थांबल्या. कमलकडे बघून त्यांनी अगदी मायेनं विचारलं, "कमलताई, रसाला फोडणी कुनी दिली?"

मी घाईघाईनं माझी वाटी तोंडाला लावली. आधी गोड लागलं. मग ठेचा खाल्ल्यासारखा लसूण आला, मग घसा गारेगार झाला आणि शेवटी कडुलिंबानं जिभेवर ठाण मांडलं! कमलच्या डोळ्यांत पाणी आलं. ते लसणाचं नव्हतं. माझा जीव अर्धा झाला. मी सगळं खरं सांगून टाकलं.

"थांबा थांबा," विहीणबाई हात धुऊन उठल्या. "एकबी नासला न्हाई म्हनता? दावा बरं!"

माझ्यावरची चौकस निघाली की बाई! आढीशी बसून त्यांनी एकेक आंबा हुंगला, एक घासून धुतला, जाड साल काढली आणि फोड तोंडात टाकली. "आरं, आतून तर साखर हाय! वास निस्ता सालीला. तुमी सालीसकट पिळला, तितं घोटाळा झाला." मग पातेलंभर रस बाजूला सारून आम्ही फोडींवर जेवलो. त्यांनी तीनदा फोडी मागून घेतल्या, तेव्हा कुठं कमल हसली.

हात पुसतो न पुसतो तोच विहीणबाईंना त्यांच्या बहिणीचा फोन आला. बाई ओसरीवर उभ्या राहून मोठ्यानं बोलत होत्या, "आंबं? झ्याक व्हतं की! बुरशीनं बोटसुदिक लावलं न्हाई... मग रस? रस गेला वाया... आगं, बुरशीनं न्हाई बाई, आमच्या व्याह्यांनी घालवला!"

बुरशीला मी कामावरून काढलं खरं, पण तिची ड्युटी मीच करून बसलो!