सासूबाईंच्या मापाचा टब

आमच्या मामंजींचा औषधावर काडीचा विश्वास नव्हता, आणि नोकरी होती औषधांच्या कारखान्यात. पिंपरीचा कारखाना तेव्हा नुकताच सुरू झाला होता. मामंजी तिथे स्टोअरकीपर. दिवसभर बाटल्यांची खोकी मोजायची आणि संध्याकाळी सायकलवरून चिंचवडला घरी आले की पायरीवरूनच बजावायचं, "लोकांनी खुशाल घ्यावीत. आपल्या घरात बाटली येणार नाही." डोकं दुखो, पोट दुखो, नाहीतर परीक्षेत नापास होवो, त्यांचा इलाज एकच: गार पाणी.

कुठल्याशा निसर्गोपचाराच्या शिबिरातून ते कटिस्नान शिकून आले होते. पत्र्याच्या टबात गार पाणी भरायचं, कंबर बुडेल असं बसायचं, पाय बाहेर सोडायचे आणि ओल्या फडक्यानं पोट चोळत राहायचं. मामंजी अंगानं अगदी किरकोळ. टबात बसले की धोतरच भिजत घातलंय असं वाटायचं. मी लग्न होऊन आले नि दुसऱ्याच दिवशी मला शिंक आली, तर म्हणाले, "सूनबाई, टब रिकामा आहे हं." मी रडायच्या बेतात! सासूबाई मध्ये पडल्या म्हणून वाचले. "अहो, आधी माणसांची सवय होऊ दे तिला, मग टबाची."

त्याच सासूबाईंची पुढे कंबर धरली. बाई चांगल्या भरदार, घर हलवणाऱ्या. पण उठता-बसता "आई गं" सुरू झालं. पाटावर बसवेना, देवपूजा उभ्यानं होऊ लागली. पुण्याच्या डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं. ते जमणं शक्य नव्हतं, कारण माझ्या हातच्या आमटीवर त्यांचा भरवसा नव्हता. मामंजी मात्र रोज मागे लागायचे, "एकदा बसून तर बघ. एकदाच!" शेवटी कंटाळून एका रविवारी त्या न्हाणीत जाऊन मामंजींच्या टबात बसल्या.

बसल्या त्या बसल्याच. काडीसारख्या माणसाच्या मापाचा टब तो! बाई बाई, मी आतून ओढतेय, खोबरेल तेल ओततेय, आणि सासूबाई ओरडताहेत, "मेले गं मेले, या माणसानं मला डब्यात घातलं!" परक्या माणसाला आत घेणं शक्यच नव्हतं. मग शेजारच्या फिटरकडून पत्रा कापायची कात्री आणून मामंजींनीच टब कापला. अंगावर चादर लपेटून सासूबाई बाहेर आल्या तेव्हा दारात अर्धी आळी उभी होती. पुढे कित्येक दिवस पाण्याला जावं तर बायका पदर तोंडाला लावून विचारायच्या, "काय हो, निघाल्या का सासूबाई?"

सासूबाईंनी नवऱ्याशी अबोला धरला. "सूनबाई, त्यांना सांग, पान वाढलंय." "सूनबाई, तिला सांग, मीठ कमी आहे." मधे मी, पोस्टाची पेटी. बाहेर जाणंही सासूबाईंनी सोडलं. कंबर तर आणखीच आखडली. मामंजींचं जेवणावरचं लक्ष उडालं. मला एकदा हळूच म्हणाले, "तिची कंबर बरी व्हायला हवी गं. आणि ती बोलायला हवी. नवा टब आणतो, ऐसपैस."

पण माप कसं घ्यायचं? बायकोला विचारायची सोय नव्हती. तिला दुकानात नेऊन चारचौघांत टबात बसवणं तर त्या काळी अशक्यच. मामंजींनी डोकं चालवलं आणि कुणाला न सांगता रामभाऊ पैलवानांना गाठलं. हे वाकडचे. वाकड म्हणजे तेव्हा नुसती ज्वारीची शेतं. रामभाऊंनी कुस्ती कधीच सोडली होती, पण खुराक सोडला नव्हता. घेर साधारण सासूबाईंएवढा. दोघं गाडीनं पुण्याला गेले आणि बोहरी आळीतल्या दुकानांत मामंजींनी पैलवानांना एकेका टबात बसवायला सुरुवात केली. हा पाठीला टोचतो, त्याची कड धारदार, तो उठताना वर येतो. बघ्यांची जत्रा जमली. एकानं विचारलंसुद्धा म्हणे, "पैलवान, पाणी कुठाय?"

संध्याकाळी डोक्यावर टब घेऊन रामभाऊच दारात हजर. टब अंगणात ठेवला, घाम पुसला आणि भोळेपणानं म्हणाले, "वैनी, काळजी करू नगा. झ्याक टप हाय. मला बसलाय म्हंजी तुमास्नी बसतोयच!"

देवा रे! सासूबाई तडक आत गेल्या. रात्री मला निरोप दिला, "त्यांना सांग, त्यात म्हशीला पाणी पाजा." आणि मग चुलीकडे तोंड करून रडल्या. "कंबर गेली ती गेलीच," म्हणाल्या. "आता आळी मला पैलवान म्हणेल." मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

मामंजींनी हे दाराआडून ऐकलं असावं. सकाळी बघते तर टब अंगणाच्या मधोमध, पाणी भरलेलं, आणि त्यात आपले मामंजी! उघडे, डोक्याला टोपी, पाय बाहेर. एवढ्या मोठ्या टबात ते हरवून गेले होते. कामावर निघालेले लोक सायकली थांबवून बघत होते. पोरं टाळ्या पिटत होती. मी धावले, "मामंजी, अहो आत तरी बसा! सगळे हसताहेत."

"हसू दे गं," ते पोट चोळत म्हणाले. "आळीला हसायला एक माणूस पुरतो."

रोज सकाळी हेच. थंडी पडली तरी हेच. आणि खरोखर, पाण्यावरच्या बायका सासूबाईंना विसरल्या. आता विचारायच्या, "काय हो, आज बसले का सासरे?" अन् एका सकाळी, मामंजी कुडकुडत बसले असताना, सासूबाई भिंतीला धरत-धरत अंगणात आल्या. सगळ्यांदेखत, सरळ त्यांच्याशीच बोलल्या, "उठा आता. निमोनिया होईल. आणि टब न्हाणीत न्या. मला बसायचंय."

मामंजी उठले, ते डोळे पुसतच. म्हणाले, पाणी उडालं.

कंबर पुरती बरी झाली असं मी म्हणणार नाही. पण सासूबाई पुन्हा पाटावर बसून जेवू लागल्या. रोज त्या न्हाणीत बसल्या की मामंजी दाराबाहेर उकिडवे बसून त्यांना मोठ्यानं पेपर वाचून दाखवायचे, बाजारभावासकट. आतून सासूबाई पुढाऱ्यांना नावं ठेवायच्या. हे वर्षानुवर्षं चाललं.

मामंजी गेल्यावर पुन्हा कंबर दुखू लागली. मी टब घासूनपुसून ठेवला, पाणी भरलं, पेपर घेऊन दाराशी बसलेसुद्धा. सासूबाई न्हाणीच्या उंबऱ्यापर्यंत आल्या आणि तिथूनच परत फिरल्या.

"राहू दे गं," म्हणाल्या. "तुला बाजारभाव वाचता यायचे नाहीत."