उंच बॉल

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, मैत्रिणींना नाही — तशा त्या फार नाहीतच. लोक मला शांत म्हणतात. पाहुणे आले की हमखास कुणीतरी म्हणतं, किती शांत मुलगी आहे तुमची. शांत मुलीच्या आत काय चाललंय, हे कुणी विचारतं का? माझ्या आत राग असतो. बऱ्याचदा. तो दिसत नाही, म्हणून लोक धरून चालतात की तो नाहीच. एकदा तो बाहेर आला होता — इतक्या सभ्य इंग्रजीत आला की कुणाच्या लक्षातही आलं नाही.

थांबा. अशी सुरुवात केली तर मीच बिचारी वाटेन. मी बिचारी नाही.

आमच्या भिवंडीच्या कॉलेजात मुलींचा फुटबॉल संघ होता. म्हणजे आमच्या कोचनी, मढवी सरांनी, तो हट्टाने उभा केला होता. सरांना प्रत्येकीचं घर माहीत होतं. कुणाला धामणकर नाक्यावरून शेअर रिक्षा मिळेपर्यंत थांबावं लागतं, कुणाचा भाऊ लपून बघायला येतो, कुणी सकाळपासून फक्त चहावर आहे — सगळं. आमची गोलकीपर होती सुगंधा. खारबावची. तिचे वडील मिळेल ते मजुरीचं काम करायचे आणि ती दर मे महिन्याच्या सुट्टीत जवळच्या वळ गावातल्या एका गोडाऊनमध्ये पॅकिंगला जायची. सुट्टी संपली की काम बंद, कॉलेज सुरू. सरांना हे माहीत होतं.

मलाही माहीत होतं. ते गोडाऊन आमच्याच जागेवर उभं आहे. माझ्या आजोबांनी तिथे भात लावला, वडिलांनी तिथे गाळे बांधून कंपन्यांना भाड्याने दिले, आणि त्या भाड्यावर मी इंग्रजी शाळेत शिकले. संघात मी दुसरी गोलकीपर होते. दुसरी म्हणजे बाकावरची.

आता ती गोष्ट सांगते, जी मी स्वतःला बरीच वर्षं कारण म्हणून सांगत आले. सरावाच्या एका मॅचमध्ये मी गोलात होते. उंच बॉल आला. मी पुढे गेले नाही — मला कायम भीती वाटायची, कुणीतरी येऊन आदळेल — आणि बॉल माझ्या डोक्यावरून आत गेला. बाहेरून सुगंधा ओरडली, "आगं, गोल हाय का तुज्या बापाचा गोडाऊन? शटर उघडाच टाकलास!"

सगळ्या हसल्या. मढवी सरसुद्धा हसले. मीही हसले. त्या दिवसापासून मी 'शटर' झाले. ए शटर, पाणी दे. ए शटर, रिक्षा आली. मी दर वेळी हसून बघायचे, आणि दर वेळी मला राग यायचा. तिने ते बहिणीला चिडवावं तसं म्हटलं होतं. मॅच संपल्यावर तिनेच मला बाजूला घेऊन हात कसे जोडून धरायचे ते दाखवलं. हे मला तेव्हाही कळत होतं — म्हणून तर जास्त राग येत होता. जी शिकवतेही, तिचा राग कुठे ठेवायचा?

मे महिन्यात मढवी सरांना काढलं. कंत्राट पुढे वाढवलं नाही, एवढंच कळलं. संघाच्या ग्रुपवर सरांनी स्वतःच दोन ओळी लिहिल्या आणि ग्रुप सोडला. संघ ज्यांनी उभा केला त्यांना सुट्टीत, कुणी हजर नसताना घालवून दिलं. मला याचा आजही संताप येतो. पण या संतापाला मी किती वापरून घेतलंय, तेही मला माहीत आहे.

जूनमध्ये, कॉलेज उघडायच्या आधीच, नव्या कोचनी सराव बोलावला. ते बंगळुरूकडचे. मराठी अजिबात नाही, हिंदी अडखळत. पहिल्याच दिवशी त्यांनी काही विचारलं, मी इंग्रजीत उत्तर दिलं आणि त्यांचा चेहरा सैल झाला. तेव्हापासून ते सगळं मला विचारायला लागले. मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू? दोन वर्षं बाकावर बसलेल्या मुलीला अचानक कुणीतरी शेजारी उभं करून घेतलं होतं.

सुगंधा गोडाऊनचे हातमोजे घालून गोलात उभी राहायची. पांढरे, विणलेले, तळव्याला निळं रबर. खोके सटकू नयेत म्हणून तिथे देतात ते. माझ्याकडे वडिलांनी मागवलेले खरे ग्लोव्ह्ज होते. कोचनी ते निळे तळवे बघितले आणि मला इंग्रजीत विचारलं — ही कुठे नोकरी करते का? नियम असा होता की पूर्णवेळ नोकरी करणारी मुलगी कॉलेजच्या संघातून खेळू शकत नाही. सुट्टीतलं काम चालतं. त्यांनी हे दोन्ही मला नीट सांगितलं. म्हणजे मला कळलं नव्हतं असंही म्हणता येत नाही.

सुगंधा एका हाताच्या अंतरावर उभी होती. बॉल आपटत.

मी म्हटलं, हो. ती तिथे कायमची आहे. कॉलेजात फक्त नाव आहे. ते गोडाऊन माझ्या वडिलांच्या जागेत आहे, सर, म्हणून मला माहीत आहे.

एवढंच. आवाजही चढला नाही. तिच्या तोंडावर बोलले, तिला पुरती न कळणाऱ्या भाषेत, दार लोटून घ्यावं तशी.

"काय म्हनतंय गं ह्यो?" सुगंधाने विचारलं.

"काही नाही. तुझे ग्लोव्ह्ज आवडले त्यांना."

"मंग त्याला पन एक जोडी दे तुज्या बापाकरून," ती म्हणाली आणि स्वतःच हसली.

कोचनी तिला विचारायला हवं होतं की नाही? कॉलेजात जाऊन आधीच्या वर्षाची हजेरी बघायला कितीसा वेळ लागला असता? नाही बघितली. चांगलं इंग्रजी बोलणारी, जागामालकाची मुलगी सांगते म्हणजे खरंच असणार. माझा शब्द किती स्वस्तात खपला, याची मला चीड येते — बघा, पुन्हा मी दुसऱ्याकडे बोट दाखवतेय. कोच चुकले असतील. खोटं मी बोलले.

आणि खरी लाज पुढे आहे.

कॉलेजांमधल्या सामन्यांसाठी संघ जाहीर झाला, त्यात सुगंधा नव्हती. कोच अवघडले होते. म्हणाले, तुझी मैत्रीण आहे, तूच तिला समजाव. त्यांना वाटलं, पकडली गेल्यामुळे ती गप्प राहील. इकडे सुगंधा मला म्हणाली, "मी न्हाय जानार त्याच्याकडं हात जोडाला. तू इचार. मना का न्हाय घेतला?"

आता तिला नियम सांगितला असता तर तिने तिथल्या तिथे जाऊन भांडण केलं असतं आणि सगळं उघड झालं असतं. म्हणून तिच्या खेळात काहीतरी खोट काढायला हवी होती. आणि तिच्या खेळात मला खोट सापडेना. मग मी माझी दिली. म्हटलं, सर म्हणतात तू उंच बॉलवर पुढे येत नाहीस.

तिने आपल्या हातमोज्यांकडे बघितलं. मग म्हणाली, "असंल. मना कलला न्हाय." तिने ते मानलं! जी मुलगी उंच बॉलवर तिघींच्या मधून उडी मारायची, तिने माझी भीती स्वतःची म्हणून घेतली.

त्यानंतर रोज सराव संपला की ती मला थांबवायची. "टाक ना वर. अजून वर." मी बॉल उंच फेकायचे आणि ती धावत येऊन तो घ्यायची. पुन्हा. पुन्हा. कोपरं सोललेली. मी फेकत राहिले. कोच लांबून बघायचे आणि मला नंतर म्हणाले, चांगलं मन आहे तुझं, तिला सोबत करतेस.

ते तिचं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. विद्यापीठाच्या संघापर्यंत पोचली असती तर पोलीसभरतीत खेळाडूंच्या जागेसाठी अर्ज करणार होती. हे तिने मला सांगितलेलं होतं, एकदा, रिक्षाची वाट बघताना. मढवी सरांचा मेसेज आला, सुगंधा कशी खेळतेय? मी अंगठ्याचं चित्र पाठवलं. त्या एका मेसेजला खरं उत्तर दिलं असतं तर सगळं तिथेच सुटलं असतं. मी अंगठा पाठवला.

सामने मी खेळले. दुसऱ्याच सामन्यात आम्ही बाहेर पडलो. कसा गोल झाला ते सांगायला हवं का? सुगंधा बघायला आली होती, माझ्या गोलामागे उभी होती, आणि घसा फोडून ओरडत होती, "पुढं ये! पुढं ये गं शटर!" मी नाही गेले पुढे. संपल्यावर तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. मला तो झटकून टाकावासा वाटला. तिचाच राग आला मला — अजूनही. कळतंय का तुम्हाला, मी काय आहे ते?

गेल्या महिन्यात वडिलांबरोबर वळला गेले होते. गोडाऊनचं शटर वर होतं. रॅकवर चढलेला माणूस वरून पाकिटांचे गठ्ठे सोडत होता आणि खाली सुगंधा उभी होती. निळ्या तळव्यांचे हातमोजे. गठ्ठा सुटला की ती एक पाऊल पुढे यायची आणि छातीशी घ्यायची. एकही पडला नाही. ती आता तिथे वर्षभर असते. मी कोचना सांगितलं होतं, तशीच.

तिने मला बघितलं आणि लांबूनच ओरडली, "ए शटर! आता बोलव तुज्या सरला. एक बॉल सोडत न्हाय मी!"

बाकीच्या बायका हसल्या. मीही हसले आणि गाडीत जाऊन बसले.

तिला अजून वाटतं, तिचा खेळ कमी पडला. तो कमी पडला नव्हता. त्या दिवशीही मी तिला हे सांगितलं नाही.